लपवलं तेच रंगलं

१८७२-७३ साली लंडनच्या ‘टिन्स्लीज मॅगझिन’मध्ये थॉमस हार्डीची ‘अ पेअर ऑफ ब्लू आइज’ ही कादंबरी क्रमशः छापली जात होती. तिच्यातला हेन्री नाइट हा बुद्धिमान, पुस्तकी गृहस्थ किनाऱ्यावरच्या उंच कड्यावरून घसरतो आणि हाताला लागेल ते धरून लोंबकळत राहतो. खाली समुद्र. वर मदतीला एकटी एल्फ्रिड, आणि तीही दिसेनाशी झालेली. इथे हप्ता संपतो! वाचक महिनाभर घरी, नाइट महिनाभर कड्यावर.

पुढच्या हप्त्यात तरी लगेच सुटका? छे! हार्डी आधी नाइटच्या नाकासमोर खडकात रुतलेलं ट्रायलोबाइटचं जीवाश्म दाखवतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला तो जीव दगड झालेल्या डोळ्यांनी या मरू घातलेल्या माणसाकडे बघतोय आणि नाइटच्या डोक्यात पृथ्वीचा सगळा इतिहास उलटा धावतोय. मग एल्फ्रिड येते. आपल्या आतल्या कपड्यांच्या पट्ट्या फाडून तिनं दोर वळलेला असतो. व्हिक्टोरियन काळातल्या सभ्य घरांत हे पान मोठ्यानं वाचताना काय झालं असेल, कल्पना करा. ‘क्लिफहँगर’चा विषय निघाला की इंग्रजीचे अभ्यासक आजही या कड्याकडे बोट दाखवतात.

वर्गात अशा युक्त्यांची यादी पाठ करून घेतली जाते. व्याख्या, उदाहरण, दोन गुण. त्यात त्यांची सगळी मजा मरते. खरं तर जवळजवळ प्रत्येक युक्ती एकाच प्रश्नाचं उत्तर असते: कोणाला, केव्हा आणि किती कळू द्यायचं? हा प्रश्न हातात धरून इंग्रजी साहित्यातून एक फेरी मारू या.

शिलिंगभर उत्कंठा

चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७ मध्ये महिन्याला एक शिलिंग किमतीच्या पातळ पुस्तिकांमधून आली. पहिल्या अंकाच्या सुमारे हजार प्रती छापल्या होत्या. चौथ्या अंकात सॅम वेलर हा हजरजबाबी नोकर अवतरला, खप चढू लागला आणि शेवटी तो चाळीस हजारांच्या घरात गेला. अख्खी कादंबरी एकदम विकत घेणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांना महिन्याला एक शिलिंग परवडत होता. पण मग पुढच्या महिन्यातही त्यांनी तो शिलिंग काढला पाहिजे! म्हणून हप्त्याच्या शेवटी काहीतरी अडकवून ठेवायचं. प्रत्येक पात्राला एखादी लकब द्यायची, म्हणजे महिन्याभरानं भेटलं तरी ओळख पटेल. डिकन्सच्या पात्रांच्या त्या विलक्षण लकबींमागे हाही हिशोब होता.

हप्त्यांनी लिहिण्यातला एक मोठा गंमतीचा प्रसंग ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा. डिकन्सनं आधी लिहिलेल्या शेवटात पिप आणि एस्टेला लंडनच्या रस्त्यात ओझरते भेटतात आणि कायमचे दुरावतात. कादंबरीकार मित्र बुल्वर-लिटननं तो शेवट बदलायला सुचवलं आणि डिकन्सनं ऐकलं. १८६१ साली वाचकांपुढे आला तो दुसरा, आशेला जागा ठेवणारा शेवट. मूळ शेवट लोकांना कळला तो डिकन्सच्या मृत्यूनंतर, जॉन फॉर्स्टरनं लिहिलेल्या चरित्रातून. मला विचाराल तर पहिला शेवटच खरा. पिपनं आयुष्यभर जे चुकीचं मागितलं ते त्याला मिळू नये, यातच त्या कादंबरीचं मोठेपण होतं.

आणि एक उत्कंठा मात्र कायमची लटकली. ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ बारा हप्त्यांत संपायची होती. सहा लिहून झाले आणि ९ जून १८७० रोजी डिकन्स वारला. ड्रूडचं काय झालं, यावर दीडशे वर्षं तर्क चालू आहेत.

भर दुपारची मध्यरात्र

शेक्सपिअरच्या ग्लोब थिएटरचा मधला भाग उघडा होता आणि नाटकं दुपारी व्हायची. प्रकाशयोजना नाही, काळोख करायची सोय नाही. मग ‘मॅकबेथ’मधली ती भयाण रात्र आणायची कुठून? शब्दांतून! पात्रं एकमेकांना रात्र किती झाली ते विचारतात, चंद्र मावळल्याचं सांगतात, हातात मशाली धरतात. डोक्यावर लख्ख ऊन असताना प्रेक्षक अंधारात बसल्यासारखे ऐकत राहतात.

याच नाटकात ड्रॅमॅटिक आयरनीचा एक जीवघेणा नमुना आहे. राजा डंकन मॅकबेथच्या किल्ल्यापाशी येतो आणि तिथल्या प्रसन्न हवेचं कौतुक करतो. आधीच्याच प्रवेशात त्याच्या खुनाचा बेत प्रेक्षकांनी ऐकलेला असतो. राजाला ठाऊक नाही, आपल्याला ठाऊक आहे, आणि ओरडून सांगायची सोय नाही. इथे लेखकानं वाचकापासून काहीच लपवलेलं नाही. लपवलंय ते पात्रापासून. कळण्याची वाटणी अशी उलटी केली की साधं कौतुकाचं वाक्यही काळजात रुतून बसतं.

खून झाल्यावर दारावर थापा पडतात आणि एक झिंगलेला दारवान बडबडत दार उघडायला येतो. इतक्या भयंकर क्षणी विनोद कशाला? थॉमस डी क्विन्सीला लहानपणापासून या थापांनी पछाडलं होतं. १८२३ साली त्यानं त्यावर एक अख्खा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं: खुनाच्या वेळी माणसांचं नेहमीचं जग थांबलेलं असतं, थापा पडतात तेव्हा ते पुन्हा चालू होतं, आणि ते चालू झाल्यावरच मधल्या काळात किती थिजलं होतं ते जाणवतं. एका दारावरच्या ठकठकीचा इतका सुंदर उलगडा क्वचितच कोणी केला असेल.

आणखी एक. शेक्सपिअरची पात्रं पद्यात बोलतात असं आपण सरसकट म्हणतो. ‘किंग जॉन’ आणि ‘रिचर्ड द सेकंड’ ही नाटकं खरोखरच संपूर्ण पद्यात आहेत. पण इतरत्र छंद कुठे सुटतो याकडे लक्ष ठेवा. झोपेत चालणारी लेडी मॅकबेथ गद्यात बोलते. ऑथेल्लो मत्सरानं वेडापिसा होऊन कोसळतो त्याच्या आधी त्याचं भारदस्त पद्य फुटून गद्य होतं. हॅम्लेटही वेडाचं सोंग घेतो तेव्हा बहुतेक गद्य बोलतो. मन ढळलं हे कोणी सांगत नाही. कानाला ताल चुकल्याचं कळतं. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ केलं, आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ केलं, तेव्हा मराठीत आणायला सगळ्यात अवघड हेच असणार.

सीझरचं घड्याळ आणि आपलं पंचतंत्र

‘ज्युलियस सीझर’मध्ये कटवाले जमलेले असताना घड्याळाचे टोले पडतात. सीझरचा खून इसवी सनापूर्वी ४४ मधला. टोले देणारी घड्याळं युरोपात आली त्यानंतर हजाराहून अधिक वर्षांनी. याला कालविपर्यास म्हणतात. रात्र सरत चालली आहे हे प्रेक्षकांना कानांनी कळणं महत्त्वाचं होतं, रोमचा इतिहास तपासायला कोणी आलं नव्हतं.

सीझरची ही गोष्ट शेक्सपिअरनं घेतली प्लुटार्कच्या चरित्रांवरून, तीही थॉमस नॉर्थनं १५७९ साली इंग्रजीत आणलेल्या पुस्तकातून. आता गंमत ऐका. याच नॉर्थनं त्याआधी, १५७० साली, आणखी एक पुस्तक इंग्रजीत आणलं होतं: आपलं पंचतंत्र! संस्कृतातून पहलवी, तिथून अरबी, मग हिब्रू, लॅटिन, स्पॅनिश, इटालियन असा प्रवास करत त्या गोष्टी इंग्लंडला पोचल्या होत्या. करटक आणि दमनक यांची गोष्ट शेक्सपिअरच्या बालपणीच लंडनच्या छापखान्यात जाऊन आली होती.

गोष्टीत गोष्ट, तिच्यात आणखी गोष्ट, ही पंचतंत्राची रचना आपल्याला घरचीच. इंग्रजीत तिचा सर्वांत थरारक वापर मेरी शेलीच्या ‘फ्रँकेनस्टाइन’मध्ये सापडतो. तिनं ते लिहायला घेतलं १८१६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी. छापून आलं १८१८ मध्ये, लेखिकेच्या नावाशिवाय. उत्तर ध्रुवाकडे निघालेला वॉल्टन बहिणीला पत्रं लिहितोय. पत्रांत व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन आपली कहाणी सांगतोय. त्या कहाणीच्या पोटात त्यानं घडवलेला तो अभागी जीव स्वतःची कर्मकथा सांगतोय. आणि त्याच्याही पोटात जंगलातल्या एका निर्वासित कुटुंबाची गोष्ट. सिनेमांमुळे आपण त्या जीवाला मुका राक्षस समजतो. पुस्तकात तो उत्तम बोलतो, मिल्टन वाचतो, आणि त्याचा आवाज कादंबरीच्या बरोबर मधोमध, सगळ्यात आतल्या कप्प्यात ठेवलेला आहे. तिथवर पोचेपर्यंत आपण त्याला दोनदा दोषी ठरवून बसलेलो असतो.

मिल्टनचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते. ‘पॅराडाइज लॉस्ट’ (१६६७) हे महाकाव्य गोष्टीच्या सुरुवातीपासून सुरू होत नाही. सैतान स्वर्गातली लढाई हरून नरकात पडलेला आहे, तिथे पडदा उघडतो. लढाईची हकिकत पुढे एक देवदूत सांगतो. मधूनच सुरुवात करायची ही ग्रीकांची जुनी रीत. पण मला आवडतं ते नवव्या सर्गातलं एक वर्णन: ज्ञानफळ खाल्ल्यावर ॲडम आणि ईव्ह लाज झाकायला ज्या झाडाची पानं घेतात ते आहे मलबारात आणि दख्खनमध्ये वाढणारं, पारंब्यांचं झाड. म्हणजे आपला वड! मिल्टननं त्याची पानं ढालीएवढी मोठी केली आहेत. वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या घातलेल्या कोणालाही ही चूक लगेच दिसेल. तेव्हा पूर्ण अंध झालेल्या, इंग्लंडमध्ये बसून ओळी दुसऱ्यांकडून लिहवून घेणाऱ्या कवीनं दख्खनचा वड स्वर्गाच्या बागेत लावला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

माईंचा राग कोणाचा?

ही तीन वाक्यं वाचा. माईंनी ताट बाजूला सारलं. आता या वयात हे ऐकून घ्यायचं, आणि तेही सुनेच्या माहेरच्यांकडून? उद्यापासून त्या घरात पाऊल ठेवणार नाही म्हणजे नाही.

पहिलं वाक्य लेखकाचं. पुढची दोन? अवतरणचिन्हं नाहीत, ‘माईंना वाटलं’ असंही नाही. तरी आवाज माईंचा आहे. लेखकानं चोरपावलांनी माईंच्या डोक्यात शिरून आपल्याला तिथून बोललेलं ऐकवलं. इंग्रजी कादंबरीत ही कला अत्युच्च पातळीला नेली ती जेन ऑस्टेननं. डिसेंबर १८१५ मध्ये आलेली ‘एमा’ हा तिचा कळस. एमा वुडहाउस हुशार आहे आणि बहुतेक वेळा चुकीची आहे. सगळं तिच्या नजरेतून दिसत असल्यामुळे तिच्या चुका आपल्यालाही सत्य वाटतात. गावातल्या दोघांचं गुपचूप लग्न ठरलेलं असतं. त्याचे पुरावे पानापानांवर उघडे पडलेले असतात आणि पहिल्या वाचनात आपण ते ओलांडून जातो. या तंत्राला नाव मिळालं कधी? १९१२ साली, शार्ल बाली या स्विस भाषाशास्त्रज्ञाकडून, फ्रेंचच्या संदर्भात. म्हणजे ऑस्टेननं ते वापरून शतक होत आल्यावर!

मनाच्या आत शिरण्याची पुढची उडी विसाव्या शतकातली. जाणिवेचा प्रवाह ही कल्पना प्रसिद्ध केली विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञानं, १८९० मध्ये. (कादंबरीकार हेन्री जेम्स हा त्याचा धाकटा भाऊ.) १९१८ साली मे सिंक्लेअरनं डोरोथी रिचर्डसनच्या कादंबऱ्यांबद्दल लिहिताना ते शब्द साहित्यात आणले, आणि खुद्द रिचर्डसनबाईंना ते अजिबात पसंत पडले नाहीत. मग १९२२ साली जेम्स जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशी, २ फेब्रुवारीला, पॅरिसमध्ये ‘युलिसिस’ प्रसिद्ध झाली. एवढा मोठा ग्रंथ, आणि घडतं सगळं १६ जून १९०४ या एकाच दिवसात, उत्तररात्रीपर्यंत. शेवटच्या प्रकरणात मॉली ब्लूम अंथरुणात पडल्या पडल्या जो विचार करते तो आठ अवाढव्य वाक्यांत धावतो, स्वल्पविराम वगैरे जवळजवळ नाहीतच. मराठीत आपण याला संज्ञाप्रवाह म्हणतो. बा. सी. मर्ढेकरांची १९४२ची ‘रात्रीचा दिवस’ ही त्या वाटेवरची कादंबरी.

ड्रॅक्युलाचा बॅकअप

सॅम्युअल रिचर्डसन हा लंडनमधला मुद्रक. सामान्य लोकांना पत्रं कशी लिहावीत हे शिकवणारं नमुनापुस्तक त्यानं करायला घेतलं आणि त्यातून १७४० साली निघाली ‘पामेला’: पंधरा वर्षांच्या मोलकरणीनं आईवडिलांना लिहिलेल्या पत्रांची कादंबरी. लिहिणारा पन्नाशीतला पुरुष! पत्र लिहिणाऱ्या मुलीला उद्या काय होणार ते ठाऊक नाही, म्हणून वाचकालाही नाही. रिचर्डसनचीच पुढची ‘क्लॅरिसा’ तर दहा लाख शब्दांच्या आसपास जाते. पुरुषानं स्त्रीचा आवाज घेऊन लिहिण्याचं मराठीतलं मोठं उदाहरण अर्थात हरिभाऊ आपट्यांचं. पंचविशीतल्या हरिभाऊंनी ‘करमणूक’मधून यमूची कहाणी तिच्याच तोंडून सांगायला घेतली आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ उभी राहिली.

कागदपत्रांच्या कादंबऱ्यांची राणी मात्र ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (१८९७). रोजनिशा, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं, डॉक्टरनं फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर बोलून ठेवलेल्या नोंदी. सगळ्यांना बोलायला मिळतं, फक्त काउंट ड्रॅक्युलाची स्वतःची एकही नोंद नाही. म्हणूनच त्याची भीती वाटते. मिना हार्कर हे सगळं टंकलेखन यंत्रावर एकत्र करते. ड्रॅक्युला एका रात्री येऊन मूळ कागद आणि नळकांडी जाळून टाकतो, पण टंकलेली दुसरी प्रत तिजोरीत सुरक्षित असते! शेवटी स्टोकर एक टोचणी ठेवून जातो: मूळ पुरावे जवळजवळ उरलेच नाहीत, आहे तो टंकलेल्या पानांचा गठ्ठा. यावर विश्वास कोणी आणि का ठेवावा?

गणपती, व्यास आणि सलीम

वेन बूथ या अमेरिकी समीक्षकानं १९६१ साली ‘अविश्वासार्ह निवेदक’ ही संज्ञा रुळवली. निवेदक गोष्ट सांगतो, पण त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. तो खोटारडा असतो, भाबडा असतो किंवा स्वतःलाच फसवत असतो.

याचं आपल्या सर्वांत जवळचं उदाहरण मुंबईत घडतं. सलमान रश्दींच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रन’मधला (१९८१) सलीम सिनाई १५ ऑगस्ट १९४७च्या मध्यरात्री डॉक्टर नारळीकरांच्या इस्पितळात जन्मतो. तो गांधीहत्येची तारीख चुकवतो, आणि चूक लक्षात आल्यावरही दुरुस्त करत नाही. तो असंही सांगतो, की गणपतीनं वाल्मीकींच्या पायाशी बसून रामायण लिहून घेतलं. मराठी घरातलं शाळकरी पोरही म्हणेल: व्यास! महाभारत! ही कादंबरी वाचून ज्यांनी रश्दींना चुका कळवल्या, त्यांच्यासाठी त्यांनी पुढे ‘एराटा’ नावाचा लेख लिहिला. काही चुका आधी खरोखर झाल्या, मग मुद्दाम राहू दिल्या. काही बिनचूक जागा तर मेहनतीनं चुकीच्या केल्या. कारण सलीम इतिहास लिहीत नाही, आठवणी सांगतो. आणि आठवण अशीच असते: चुकते, पण ठामपणे चुकते.

पळती पाच मिनिटं

आता आणखी काही युक्त्या भराभर. लॉरेन्स स्टर्नच्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’चा (१७५९-६७) नायक आपली जीवनकथा सांगायला बसतो आणि तिसरा खंड येईपर्यंत जन्मालाच येत नाही. एका पात्राच्या मृत्यूनंतर अख्खं पान काळं छापलंय. एका ठिकाणी कोरं पान आहे: एक बाई किती सुंदर ते वाचकानंच चितारावं.

मार्टिन एमिसच्या ‘टाइम्स ॲरो’त (१९९१) काळ उलटा धावतो. नाझी छळछावणीतला डॉक्टर त्यामुळे मेलेल्यांना जिवंत करताना दिसतो, आणि अंगावर काटा येतो. इयन मॅक्युअनच्या ‘नटशेल’मध्ये (२०१६) निवेदक आहे आईच्या पोटातलं बाळ, आई आणि काका मिळून बापाच्या खुनाचा कट करताना ते ऐकतंय. ओळखलंत ना मूळ नाटक?

हेमिंग्वेनं १९३२ साली हिमनगाचं तत्त्व मांडलं: एक अष्टमांश वर, बाकी पाण्याखाली. त्याआधीच, १९२७च्या ‘हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स’मध्ये, एक जोडपं स्पेनमधल्या रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट बघत गर्भपाताबद्दल बोलतं. तो शब्द मात्र कथेत एकदाही येत नाही.

वॉटसन हवाच

शेरलॉक होम्सच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथा. या साठांपैकी चारच वॉटसनच्या लेखणीतून उतरलेल्या नाहीत. त्यातल्या दोन स्वतः होम्स सांगतो, आणि तिथे जादू ओसरते. ‘द ब्लँच्ड सोल्जर’मध्ये होम्सलाच ते जाणवतं. साखळीतले दुवे लपवता येत होते म्हणून वॉटसनचे शेवट दिपवून टाकायचे, असं तो कुरकुरत मान्य करतो. होम्सच्या डोक्यात सगळं आधीच उलगडलेलं असतं, त्यामुळे त्याच्या तोंडून गोष्ट ऐकायची तर उत्तर लपवणार कुठे? अडाणी वाटणारा वॉटसन हा कॉनन डॉयलचा सर्वांत हुशार शोध आहे.

एकच पुस्तक आता उचलायचं असेल तर मी वेगळंच नाव सुचवीन: ॲगाथा ख्रिस्तीचं ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’, १९२६ सालचं. लेखिका वाचकाशी न्यायानं वागली की नाही, यावर तेव्हापासून भांडणं आहेत. शेवट कोणाकडूनही ऐकू नका, शोधू नका, सांगायला आलेल्याला थांबवा. आणि संपलं की त्याच आठवड्यात पुन्हा पहिल्या पानापासून वाचा.